वांग, डाग, काळवंडलेली मान: तुम्ही काय केलंत? अनुभव लिहा

परवा भाचीने विचारलं, "मावशी, तुझे वांग कशाने गेले?" गेले नाहीत गं, फिकट झाले, आणि त्यालाही दीड वर्ष लागलं. तिच्यासाठी हा धागा काढतेय. सुरुवात माझ्यापासून.

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी चट्टे उमटले. शेजारणीने सुचवलेली ट्यूब मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, म्हणून तीन महिने लावत राहिले. बंद केल्यावर आठवड्याभरात चेहरा लालबुंद, उन्हात आगआग, गालांवर बारीक लाल शिरा आणि हनुवटीवर लव. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन लिहिलं होतं. यातलं तिसरं स्टिरॉइड. हे त्रिकूट वांगावर चालतं, पण डॉक्टरांच्या नजरेखाली आणि थोडेच आठवडे. चेहऱ्याचे असे हाल बघूनच त्वचारोगतज्ज्ञांनी आवाज उठवला होता, आणि २०१८ साली अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. तरी मला मिळाली, याचा अजून राग येतो. कृपया ट्यूब उलटी करून वाचा.

•

आमची द्राक्षबाग आहे निफाडकडे. ऊन टाळा म्हणणं सोपं, छाटणी कोण करणार? मी स्कार्फ बांधून, वर टोपी घालून जाते. डॉक्टरांनी रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन दिलं, कारण वांगाला नुसती अतिनील किरणं नाहीत, दिसणारा प्रकाशही वाढवतो. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर मावेल एवढं, सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा. बाकी क्रीमपेक्षा यानेच जास्त फरक पडला. चुलीजवळ मात्र आता कमी बसते, धगीनेही वाढतात म्हणाले.

•

सातव्या महिन्यात वांग आले तेव्हा मी रडले होते. डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन दोन्हीला नको म्हटलं आणि अझेलेइक ॲसिड दिलं. पहिले काही दिवस चुणचुणतं. बाळ झाल्यावर सहा महिन्यांत बरेचसे आपोआप उतरले.

•

माझा अनुभव लेसरचा. चार बैठकांनंतर गाल स्वच्छ, पुढच्या उन्हाळ्यात आधीपेक्षा गडद. आपल्या सावळ्या कातडीत उष्णतेने उलट जास्त रंग तयार होऊ शकतो, हे मला पैसे भरण्याआधी कुणी सांगितलं नाही. नंतरच्या डॉक्टरांनी ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, पण आधी विचारलं: घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली होती का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का. हा प्रश्न न विचारता कुणी त्या गोळ्या देत असेल तर घेऊ नका.

•

वांगाचं नाही, मानेचं लिहिते. मुलगी तेरा वर्षांची, मान काळी आणि मखमलीसारखी जाड. मी रोज आंघोळीला लिंबू-साखरेने घासायचे, ती "आई, दुखतंय" म्हणायची. तो मळ नव्हताच. डॉक्टरांनी मान बघून काखा तपासल्या आणि साखरेची तपासणी लिहून दिली. इन्सुलिनला शरीर दाद देत नव्हतं. आता वजन उतरतंय तशी मानही उजळतेय. घासण्याबद्दल मी तिची माफी मागितली.

•

निफाडच्या ताई, घाम आल्यावर ते सनस्क्रीन ओघळतं का? माझे मिस्टर दिवसभर बाइकवर असतात, त्यांच्यासाठी विचारतेय.