निवृत्तीनंतर पोर्तुगाल की स्पेन? सरकारी आरोग्यसेवा आणि मेडिकेअरबद्दल मदत हवी आहे

सदाफुली:

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं अमेरिकेचे नागरिक. नवरा ६६ वर्षांचा, त्याचे मेडिकेअरचे (६५ पासून मिळणारा अमेरिकेचा सरकारी आरोग्यविमा) पार्ट ए (हॉस्पिटल) आणि बी (डॉक्टर, तपासण्या) दोन्ही चालू आहेत. मी ६१ ची, म्हणजे मेडिकेअर अजून लांब, आणि नेमका आजार माझ्याच वाट्याला: बरीच वर्षं आमवात आहे (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस). मेथोट्रेक्सेट आणि एक बायोलॉजिक इंजेक्शन चालू आहे. मुलगी पोर्तोला स्थायिक झाली आहे, तिच्या जवळपास राहायचं एवढं पक्कं. 'भारतात का नाही जात?' यावर घरी भरपूर बोलून झालंय, तो विषय कृपया इथे नको.

पर्याय दोन. एक, पोर्तुगालमध्येच डी७ व्हिसावर (पेन्शनसारख्या उत्पन्नावर राहणाऱ्यांचा) राहायचं. दुसरा, सीमेपलीकडे स्पेनच्या गॅलिसियात, विगोच्या आसपास. नवऱ्याला स्पॅनिश उत्तम येतं आणि या वयात पोर्तुगीज शिकायची त्याची तयारी नाही. विगोहून पोर्तो गाडीने दीडेक तासावर, त्यामुळे त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

घर, बँक, कर हे जमेल. घोडं अडलंय ते माझ्या औषधपाण्यावर.

स्पेनचा नॉन-लुक्रेटिव्ह व्हिसा (तिथे नोकरी न करता राहायचा) घ्यायचा तर उत्पन्न इप्रेमच्या (स्पेन सरकारचा उत्पन्न मोजायचा आधार-आकडा) ४००% लागतं. महिना ६०० युरो या इप्रेमने ते २,४०० युरो, जोडीदारासाठी आणखी ६००. ते ठीक आहे. पण सोबत स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा खाजगी आरोग्यविमा हवा, त्यात को-पे (दर भेटीला आपल्या खिशातून द्यायचा वाटा) नको आणि वेटिंग पिरियडही नको. मागवलेल्या प्रत्येक कोटेशनमध्ये आमवात सरळ वगळलेला आहे. म्हणजे वकिलातीचं समाधान होईल असा विमा मिळतोय, पण माझ्या गुडघ्यांना त्याचा उपयोग शून्य.

सरकारी व्यवस्थेत पैसे भरून शिरायची सोय आहे, तिला कोन्वेनिओ एस्पेसिआल म्हणतात. ६५ च्या आतल्यांना महिना ६० युरो, ६५ पासून पुढे १५७. आधीच्या आजारामुळे नकार नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला होता. मग पुढचं वाचलं: त्याआधी वर्षभर स्पेनमध्ये नोंदणीकृत रहिवासी असावं लागतं, आणि फार्मसीतल्या औषधांवर सरकारी सवलत यात नाही.

तर मला विचारायचंय ते हे. पहिलं वर्ष लोक कसं काढतात? आजार वगळणारा विमा व्हिसापुरता घ्यायचा आणि इंजेक्शनांचा खर्च खिशातून करायचा, असंच असतं का? पोर्तुगालमध्ये ही मधली फट लहान आहे का? आणि तिसरं, मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच देत नाही हे माहीत आहे, पण नवऱ्याने पार्ट बी चालू ठेवावं की सोडावं? त्याला हे पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतात. मला वाटतं, परत यायची वेळ आली तर हाच दोर उपयोगी पडेल.

प्रत्यक्ष राहणाऱ्यांकडून ऐकायला आवडेल. एजंटांच्या वेबसाइटी वाचून झाल्या, तिथे सगळं छानच असतं.

लंडनकर:

ताई, इतकी धावपळ कशाला? एस१ फॉर्म घ्या की. माझे मोठे दीर-जाऊ इथली स्टेट पेन्शन घेतात आणि आलिकांतेला राहतात. ब्रिटनकडून एस१ मिळाला, तो तिकडच्या सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात नोंदवला, मग हेल्थ सेंटरमधून कार्ड. स्पॅनिश पेन्शनरांसारखीच सेवा, खर्च ब्रिटन सोसतं. जाऊबाईंना दिरांच्या फॉर्मवर अवलंबित म्हणून घेतलं.

आकडेमोड:

लंडनकर, एस१ अमेरिकनांना मिळत नाही. ती ब्रिटन आणि युरोपीय देशांची आपसातली व्यवस्था. अमेरिकेचे स्पेन आणि पोर्तुगाल या दोघांशीही टोटलायझेशन करार आहेत, पण त्यातून पेन्शनसाठी कामाची वर्षं जोडली जातात, मेडिकेअर तिकडे नेता येत नाही. एजंट मंडळी या दोन गोष्टींची बेमालूम सरमिसळ करतात.

आता पार्ट बी. नवऱ्याने ते सोडलं तरी पार्ट ए राहतं, १० वर्षं कर भरलेला असेल तर फुकटच. मुलाबाळांकडे अमेरिकेत आलेले असताना हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं तर ते चालतं. बी परत घ्यायचं झालं तर १ जानेवारी ते ३१ मार्च एवढीच खिडकी. अर्ज केला की पुढच्या महिन्यापासून सुरू. पण मध्ये गेलेल्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यावर १०% दंड, आणि तो आयुष्यभर. २०२५ चा मूळ हप्ता महिना १८५ डॉलर होता, २०२६ चा २०२.९०. दहा वर्षांनी परतलात तर हप्ता दुप्पट. या दहा वर्षांत न भरलेले हप्तेही मोठे आहेत, तेव्हा नुसत्या हिशेबाने सोडणं मूर्खपणाचं ठरत नाही. खरा धोका वेगळाच: एप्रिलमध्ये कॅन्सरचं निदान झालं तर बी मिळायला पुढचं वर्ष उजाडतं. शिवाय मेडिगॅप (मेडिकेअरला जोड म्हणून घेतलेला खाजगी विमा) असेल आणि तोही सोडला, तर नंतर बहुतेक राज्यांत कंपनी तब्येत बघून नकार देऊ शकते. म्हणून माझं मत: पहिली दोन-तीन वर्षं बी सोडू नका. तिकडे बस्तान बसलं की मग ठरवा.

तुमच्याबद्दल एक. परदेशात असताना ६५ पूर्ण झाली तरी बीचा दंड तेव्हापासूनच मोजला जातो. 'तिकडच्या सरकारी सेवेत होते' ही सबब निवृत्तांना चालत नाही, नोकरी चालू असलेल्यांना चालते. त्याआधीच परतलात तर मात्र मार्केटप्लेसमधून (अमेरिकेतला सरकारी विमा-बाजार) विमा घ्यायला परतल्यापासून ६० दिवस मिळतात, आणि तिथे आमवात आहे म्हणून नाकारता येत नाही.

मिन्योकाठ:

आम्ही ब्रागाजवळ राहतो, दोघंही निवृत्त. पोर्तुगालपुरतं सांगते.

इथे व्हिसाच्या वेळी प्रवासाचा वैद्यकीय विमा लागतो. सरकारी सेवेचा त्या विम्याशी संबंध नाही, तो निवासाशी आहे. रेसिडेन्स कार्ड हातात आलं की हेल्थ सेंटरमध्ये जाऊन उतेंत नंबर (सरकारी सेवेतला रुग्ण क्रमांक) घ्यायचा. तो मिळाला की एसएनएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) तुमची. हप्ता नाही, आधीचा आजार कोणी विचारत नाही. २०२२ च्या जूनपासून शुल्कही जवळपास गेलंच. आता ते उरलंय फक्त कोणी न पाठवता थेट इमर्जन्सीत गेलात तर, तेही १४ ते १८ युरो. आधी एसएनएस २४ ला फोन करा, त्यांनी पाठवलं तर तेही नाही.

आता गोम. कार्डासाठीची मुलाखत आणि कार्ड यांत महिने जातात, तो काळ तुम्हालाच काढावा लागतो. आणि फॅमिली डॉक्टर लगेच मिळेल या भ्रमात राहू नका. देशात १५ लाखांहून जास्त लोक त्याविना आहेत. सेंटरमधला दुसरा डॉक्टर बघतो, पण संधिवात तज्ज्ञाकडची चिठ्ठी मिळायला आणि नंतर तारीख लागायला वेळ जातो.

त्यावर इथले बरेच जण करतात ते असं: तज्ज्ञाला खाजगीत दाखवायचं. उतेंत नंबर असेल तर खाजगी डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवरही फार्मसीत सरकारी सवलत मिळते. औषधाच्या गटानुसार ९०, ६९, ३७ किंवा १५%. स्पेनमध्ये खाजगी प्रिस्क्रिप्शनला हे नाही, तुमच्या नवऱ्यांना हा फरक जरूर ऐकवा. आमवाताची बायोलॉजिक इंजेक्शनं मात्र फार्मसीत मिळत नाहीत, हॉस्पिटलच्या औषधालयातून मिळतात आणि रुग्णाला त्याचे पैसे पडत नाहीत.

निघण्याआधी तिकडच्या डॉक्टरांकडून सविस्तर पत्र घ्या: निदान कधी झालं, आधी कोणती औषधं देऊन बघितली, ती का बदलली, जुने रिपोर्ट. औषधाचं ब्रँडचं नाव नको, मूळ नाव लिहून घ्या. पोर्तुगीज भाषांतर करून ठेवलंत तर उत्तमच. असं पत्र नसेल तर इथला तज्ज्ञ अगदी पहिल्या पायरीपासून सुरू करायला बघतो.

सदाफुली:

मिन्योकाठ, आकडेमोड, कसे आभार मानू! खाजगी प्रिस्क्रिप्शनचा मुद्दा कुठेच वाचला नव्हता. नवऱ्याला वाचून दाखवला. 'हं' एवढंच म्हणाला, आमच्याकडे ही मोठी प्रगती. पार्ट बी निदान सुरुवातीला तरी ठेवायचं ठरलंय.

आता दोन शंका. कार्ड येईपर्यंतच्या महिन्यांत इंजेक्शनांचं तुम्ही किंवा ओळखीत कोणी काय केलं? अमेरिकेतून साठा नेला की मध्ये येऊन घेतला? फ्रिजमधलं औषध विमानात नेण्याचा अनुभव असेल तर तोही सांगा. आणि गॅलिसियात कोणी आहे का? कोन्वेनिओमध्ये फार्मसीतली औषधं नाहीत हे कळलं, पण हॉस्पिटलमधून मिळणारी बायोलॉजिक त्यात धरतात का, हे सेर्गासला (गॅलिसियाची सरकारी आरोग्यसेवा) लेखी विचारायचंय. स्पॅनिश पत्राचा मसुदा नवरा करतोय, नेमकं कोणत्या ऑफिसला पाठवायचं तेवढं सांगा.

मिन्योकाठ:

साठा नेला होता, ९० दिवसांचा. कूलबॅग हातातल्या सामानात ठेवा, चेक-इनमध्ये अजिबात नको, तिथे औषध गोठू शकतं. सोबत डॉक्टरांचं पत्र. सुरक्षा तपासणीत आइसपॅकबद्दल विचारतात, पत्र दाखवलं की सोडतात. सेर्गासचं मला माहीत नाही, पण विगोला राहणारी एक मैत्रीण आहे, तिला या धाग्याची लिंक पाठवते.