मदत हवी आहे: पशुवैद्यकीय प्रात्यक्षिकांबद्दल विद्यार्थ्यांचा अभिप्राय कसा घ्यावा?

बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. (पशुवैद्यकाची पदवी) हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. चौकट भारतीय पशुवैद्यक परिषदेची, म्हणजे विषय बदलणं कॉलेजच्या हातात नाही. पण प्रात्यक्षिकाची तुकडी केवढी, गायीला हात कोण लावतो आणि नुसतं बघत कोण उभं राहतं, हे कॉलेजातच ठरतं. विद्यार्थ्यांचं म्हणणं तिथेच पोहोचायला हवं.

'शिकवणं कसं वाटलं, ५ पैकी गुण द्या' या प्रश्नातून काहीच कळत नाही. त्याऐवजी मोजता येईल असं विचारायचं आहे: गाभण तपासणी स्वतः किती वेळा केली? मानेच्या शिरेतून रक्त किती वेळा काढलं? शेपटीच्या मुळाशी भूल दिली का?

अडचणी दोन. सत्र संपल्यावर फॉर्म भरला तर भरणाऱ्या तुकडीला काहीच फायदा होत नाही, म्हणून तो सहाव्या आठवड्यात घ्यावा असं वाटतं. दुसरी जास्त अवघड: आठ-दहा जणांच्या तुकडीत निनावी फॉर्मही अक्षरावरून ओळखू येतो, मग अंतर्गत गुणांच्या भीतीने सगळे 'उत्तम' लिहितात.

कुणी तुकड्या एकत्र करून आकडे काढले आहेत का? विभागप्रमुखांसमोर ते कोण मांडतं, वर्गप्रतिनिधी की इंटर्न? नमुना फॉर्म असेल तर कृपया द्या.