कामाचं आणि करमणुकीचं सॉफ्टवेअर जुनंच बरं. पटत नसेल तर खोडून दाखवा

वजिराबादचा डीटीपीवाला, नांदेड

आवडतं सॉफ्टवेअर विचारलं की आजकाल जो तो नवीन नाव घेतो. माझी यादी लहान आहे. कामाला पानं लावायचं पेजमेकर ७ आणि डिझाईनचं कोरलड्रॉ, मराठी टायपिंगला श्रीलिपीचे फॉन्ट, आणि गिऱ्हाईक नसलं की जुन्या विंडोज एक्सपीतला सॉलिटेअर, म्हणजे एकट्यानं खेळायचे पत्ते. दुकानातला एक कॉम्प्युटर यासाठीच एक्सपीवर ठेवलाय. त्याला नेट जोडलेलंच नाही.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. तेव्हापासून एकही बटण जागचं हललं नाही, हेच मला पाहिजे. लग्नसराईत रात्री अकराला पत्रिकेचं प्रूफ पास होतं आणि सकाळी प्लेट लावायची असते. त्या वेळी 'अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका' हे बघत बसायची माझी तयारी नाही. पेजमेकरवाल्या अडोबी कंपनीनं २०१३ पासून फोटोशॉप-इनडिझाईनच्या नव्या आवृत्त्या विकणंच बंद केलं, आता भाड्यानं देतात. आमच्याकडं तुळशीच्या लग्नानंतर मान वर करायला फुरसत नसते आणि आषाढात माशा मारायच्या. भाडं मात्र बाराही महिने.

खेळाचंही तेच. १९९० साली विंडोज ३.०सोबत आलेले पत्ते फुकट होते. विंडोज ८ पासून त्याच पत्त्यांत जाहिराती. पैसे भरा, मग जाहिरात जाईल म्हणे. पारावर लोक पैसे लावून खेळतात ते समजतं. इथं एकट्यानं खेळायचं आणि वरून पैसे द्यायचे?

परभणीची युनिकोडवाली

दादा, पत्त्यांचं पटलं. पेजमेकरचं अजिबात नाही.

त्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाईलच्या पोटात असतं रोमनमधलं भलतंच अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट काढून टाका आणि मग वाचून दाखवा. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, विंडोजमध्ये २००० पासून चालते. पेजमेकरला ती शेवटपर्यंत कळली नाही.

मी गावोगावच्या स्मरणिका जमवते. शाळांच्या सुवर्णमहोत्सवाच्या, सप्ताहांच्या, मुक्तिसंग्रामाच्या. त्यात रझाकारांच्या काळातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आहेत, दुसरीकडं कुठंच छापून न आलेल्या. छापील प्रती वाळवीनं खाल्ल्या, फाईली तेवढ्या शिल्लक आहेत. त्या उघडायच्या तर इनडिझाईनची सीएस६ ही शेवटची आवृत्ती, तिच्यानंतरच्या आवृत्त्या पेजमेकरची फाईल घेतच नाहीत. उघडल्या तरी मुक्तिसंग्रामातल्या उमरी बँकेच्या लुटीबद्दल कोण काय बोललं हे शोधायला 'उमरी' टाईप केलं की उत्तर शून्य. मजकूर समोर दिसतोय आणि सापडत नाही! तुमची बटणं जागची हलली नाहीत हे खरं, पण त्यापायी गावाची आठवण कोंडून पडलीय.

डीटीपीवाला, नांदेड

ताई, तुमचं काम वेगळं, माझं वेगळं. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मजकूर टाकला की वेलांटी पळते, जोडाक्षर तुटतं. मी श्रीलिपीत टाईप करतो, कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह करतो, प्रेसवाल्याकडं फॉन्ट असो नसो, फाईल फुटत नाही. आणि पत्रिका मांडव उतरेपर्यंतच लागते. शंभर वर्षांनी ती शोधणार कोण?

परभणीची युनिकोडवाली

कर्व्ह केलं की अक्षर उरत नाही, चित्र होतं. प्रेसवर गेल्यावर नवरदेवाच्या आजोबांचं नाव चुकलंय असं कळलं तर काय करता? मूळ फाईल शोधा, पुन्हा टाईप करा, पुन्हा कर्व्ह. पत्रिकेपुरतं तेही चालेल. पण स्मरणिका तुम्हीच लोक करता आणि त्याच पद्धतीनं करता, माझं भांडण तिथं आहे. मजकूर आधी लिब्रेऑफिसमध्ये युनिकोडात टाईप करून ठेवा. लिब्रेऑफिस फुकट आहे, नेटशिवाय चालतं, भाडंबिडं नाही. मग छपाईसाठी तो मजकूर ज्यात न्यायचा त्यात न्या. उलट्या दिशेला, जुन्या फॉन्टातून युनिकोडात आणायचं तर कन्व्हर्टर रफार आणि ऱ्हस्व वेलांटीपाशी अडखळतात. मग ओळ न् ओळ हातानं तपासा.

आडतीतला मुनीम, लातूर

दोघंही कागदाच्या धंद्यातले, म्हणून एवढं लांबलं. आमच्यात 'अपडेट नको' म्हणायची सोयच नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि आमचा हिशोबाचा जुना टॅली तिथंच संपला. पण एक बघा, एफ५ला पेमेंट, एफ६ला रिसीट, एफ८ला सेल, एफ९ला पर्चेस. २०२०ला टॅली प्राईम आला, मेनूचं तोंड पार बदललं, तरी ही बटणं तिथंच. सोयाबीनच्या सीझनला शेतकरी पट्टीसाठी काउंटरवर उभा असतो, हमाली-तोलाई कापून आकडा लगेच सांगावा लागतो. माउसला हात लावला तर रांग वाढते. बनवणाऱ्यानं मनावर घेतलं तर आतून सगळं बदलूनही हाताची सवय राखता येते. डीटीपीवाल्यांचा राग बदलावर नाही, सवय मोडणाऱ्यांवर आहे असं मला वाटतं.

खेळाचं मला विचारू नका. मार्चअखेर हाच आमचा खेळ.

सप्ताहाचा साऊंडवाला, अंबाजोगाई

सगळे पैशाचंच म्हणायलेत, म्हणून सांगतो. माझं आवडतं ऑडॅसिटी. २००० सालापासून आहे, तेव्हापासून फुकट. सप्ताहात कीर्तन रेकॉर्ड करायचं म्हटलं की लाईट जाणारच, मंडपामागं जनरेटर सुरू. रेकॉर्डिंगमध्ये नुसता जनरेटर ऐकू येतो असा थोडा तुकडा निवडायचा, त्याची नॉईज प्रोफाईल घ्यायची, मग पूर्ण कीर्तनावर नॉईज रिडक्शन फिरवायचं. घरघर लई कमी होते. मात्र जास्त ओढलं की महाराज पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटतात. एकसारखा आवाज जातो, मधेच रडणारं लेकरू जात नाही. त्याला अजून तरी इलाज सापडला नाही.

तोच तो जुना प्रोग्राम, नवीन आवृत्त्या येतात, पाहिजे तेव्हा घ्या. मग एक्सपी धरून बसायचं काहून?

एजवाला पोरगा, संभाजीनगर

काका, खेळात फक्त पत्तेच धरलेत? एज ऑफ एम्पायर्स २ हा राज्य उभारून लढायचा खेळ १९९९चा. आम्ही कॅफेत लॅनवर खेळायचो. २०१९ला त्याची नवी आवृत्ती आली, २०२२ला त्यात हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे वेगळे संघ झाले. खेळ तोच, गावकऱ्यांना लाकडं तोडायला पाठवायचं तेच. जुनं जिवंत ठेवायचं तर कुणीतरी त्यावर काम करत राहावं लागतं. तुमच्या पेजमेकरला कंपनीनंच सोडलंय, त्याला जुनं म्हणत नाहीत, बेवारस म्हणतात.

मास्तर, उदगीर

एक भाबडा प्रश्न. भाडं नको, अपडेट नको, सगळं खरं. पण पेजमेकर आणि कोरल विकत घेतले होते का? क्रॅकच्या सीडीवर उभं राहून कंपनीच्या लोभाविषयी बोलायचं असेल तर जरा हळू बोला. आणि एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला. नेट नसलं तरी गिऱ्हाईकाचा पेनड्राईव्ह लागतोच. शाळेची प्रश्नपत्रिका छापायला देतो, पेनड्राईव्ह परत येतो तेव्हा व्हायरसनं सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात. दुकान कोणतं ते सांगत नाही.

डीटीपीवाला, नांदेड

मास्तर, श्रीलिपीचं बिल माझ्याकडं आहे. बाकीचं आपण चहावर बोलू.

मुनीमजींचं म्हणणं मला पटलं. ऑडॅसिटी टाकून बघतो. पेजमेकर काढत नाही, या सीझनला तर नाहीच. पण ताई, माझ्याकडं बऱ्याच स्मरणिकांच्या फाईली आहेत, त्यात मुक्तिसंग्रामाच्याही. फॉन्टसकट पेनड्राईव्हवर भरून ठेवतो, परभणीला कुणी आलं-गेलं तर पाठवतो.

परभणीची युनिकोडवाली

रविवारी मीच येते. पेनड्राईव्ह तुमचा नको, माझा आणते. आणि फाईली घेण्याआधी त्या एक्सपीवर अँटिव्हायरस फिरवून ठेवा.