आज रात्रीच पैसे पाठवायचे का?

(आमच्या घरच्या ग्रुपवरचं बोलणं. मी सोनू. ताई म्हणजे काकांची मुलगी, दादा म्हणजे आत्याचा मुलगा.)

मी: सगळे जागे आहात का? खोली मिळाली! विद्यापीठाच्या मागच्या गेटपासून चालत ८ मिनिटं. वेगळं स्वयंपाकघर, बाल्कनी, वायफाय. भाडं त्या भागातल्या बाकीच्या खोल्यांच्या जवळजवळ निम्मं आहे. दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट आज रात्री १२ च्या आत पाठवायचं, नाहीतर दुसऱ्या मुलीला देणार म्हणतात. ६ फोटो टाकलेत वर, बघा.

आई: उजेड छान दिसतोय गं.

बाबा: खोली पाहिली कोणी?

मी: मालक परदेशात असतात बाबा. पैसे जमा झाले की किल्ली कुरिअर करणार आहेत.

दादा: थांब. काहीही पाठवू नकोस. मी घरी पोचतो आणि फोटो बघतो. तोवर एक पैसाही नाही.

मी: अरे पण १२ ची मुदत आहे. गेले तीन आठवडे शोधतेय, एक धड जागा मिळत नाहीये.

ताई: सोनू, दादाचं ऐक. मी हे आजवर कोणाला सांगितलं नाही, फक्त आत्याला माहीत आहे. पहिल्या वर्षी मी अशीच फोटो बघून खोली घेतली होती. डिपॉझिट भरलं, पावती आली, करारही आला, सहीशिक्क्यासकट. पत्ता खरा होता. रात्री साडेनऊला दोन बॅगा घेऊन मी त्या इमारतीसमोर उभी होते आणि मजले मोजत होते. परत परत मोजत होते. करारात माझी खोली चौथ्या मजल्यावर होती आणि इमारत तीन मजल्यांची होती.

काका: हे तू मला बोलली नाहीस.

ताई: बाबा, तुम्ही नुकतीच फी भरली होतीत. तोंडातून शब्दच फुटेना.

काका: पैशाचं जाऊ दे. त्या रात्री राहिलीस कुठे?

आत्या: माझ्या मैत्रिणीकडे पाठवलं होतं मी तिला. अरे, तू काळजी करशील म्हणून तिनंच मला शपथ घातली होती. आता तिला बोलू नकोस.

काका: नाही बोलत. पण पोरांनो, यापुढे असं काही झालं तर पहिला फोन घरी. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

दादा: आलो घरी. सोनू, तुझे सहाही फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघितले. चार फोटो एका हॉलिडे अपार्टमेंटच्या जाहिरातीत जसेच्या तसे आहेत, तेही दुसऱ्याच देशातल्या. उरलेले दोन मोठे करून बघ. स्वयंपाकघराच्या फोटोत ओट्याच्या वर सॉकेट दिसतंय, त्याला दोन गोल भोकं आहेत. आता झोपायच्या खोलीत पलंगाच्या उशाशी बघ. तिथे तीन चपट्या खाचा. एका घरात दोन देशांची सॉकेट कशी असतील?

मी: हो रे. आत्ता दिसलं.

मी: मी त्यांना पासपोर्टची प्रत पाठवलीये. काल.

दादा: रडू नकोस. पासपोर्ट तुझ्या हातातच आहे. त्याचे मेसेज, नंबर, खातं, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेव आणि सायबर पोलिसांकडे तक्रार कर, म्हणजे उद्या त्या प्रतीचा गैरवापर झाला तर नोंद असेल. आणि यापुढे कुणालाही प्रत देताना तिच्यावर आडवं लिहायचं, कोणाला दिली, कशासाठी, कोणत्या तारखेला.

बाबा: भाडं कमी होतं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मीही खूश झालो.

दादा: मामा, त्यांना तेच हवं असतं. प्रवेश सुरू झाले की हजारो मुलं एकाच वेळी घरं शोधतात. दमलेल्या माणसाला स्वस्त खोली दाखवायची आणि विचार करायला वेळ द्यायचा नाही. मालक बाहेरगावी, किल्ली कुरिअरनं, पैसे आज रात्रीच, हे तिन्ही एकत्र आलं की फोन ठेवायचा.

मी: मग आता मी काय करू? वर्ग सुरू व्हायला ११ दिवस राहिलेत.

आत्या: मी सांगते. खोली इथे बसून शोधायचीच नाही. आधी दहा-बारा दिवसांची सोय कर. विद्यापीठाचं गेस्ट हाऊस विचार, नाहीतर रोजाच्या हिशेबानं राहता येईल असं नीट ठिकाण बघ. थोडे पैसे जातील, जाऊ देत. मग स्वतः चार खोल्या बघ आणि ठरव.

ताई: आणि उद्या सकाळी निवास विभागाला फोन कर. मेल नको, फोन. बऱ्याच विद्यापीठांकडे बाहेरच्या खोल्यांची यादी असते. हॉस्टेलच्या प्रतीक्षा यादीतही नाव घाल. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही मुलं दुसरीकडे प्रवेश घेतात, जागा रिकाम्या होतात. मला माझी जागा अशीच मिळाली. दर दोन दिवसांनी विचारत राहा, लाजू नकोस.

आई: जवळच बघ बाई. रात्रीबेरात्री एकटी येणार.

ताई: काकू, जवळ म्हणजे किलोमीटर नव्हे हो. नकाशावर कामाच्या दिवसाची सकाळी ८ ची वेळ टाकून बघायची. मग कळतं की थेट बस असलेली लांबची खोली कधीकधी दोन ठिकाणी गाडी बदलावी लागणाऱ्या जवळच्या खोलीपेक्षा बरी. आणि लायब्ररी कधी बंद होते, त्यानंतर शेवटची बस आहे का, तेही बघायचं. स्टॉपवरून घरापर्यंतचा रस्ता एकदा अंधार पडल्यावर चालून बघ, सोबत कोणीतरी घे.

काका: सोनू, माझं एक ऐक. मी आयुष्यभर गिझर आणि हीटर दुरुस्त केलेत. खोली बघायला गेलीस की आधी न्हाणीघरात जा. पाणी गॅसवर तापत असेल तर यंत्र कुठे बसवलंय बघ. आतच असेल आणि त्याचा धूर नळीतून बाहेर जात नसेल, तर ती खोली नको. भाडं कितीही कमी असो. गॅसला जळायला हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, माणसाला वाटतं दमलोय म्हणून. मग कडी काढायचंही त्राण उरत नाही. ज्योत निळी हवी. पिवळी असेल, कडेला काजळी धरलेली असेल, तर तो गिझर वापरायचा नाही.

बाबा: मी असलं काही बघितलंच नसतं रे.

काका: बहुतेक जण भिंतीचा रंग बघतात. तोही बघ गं, पण उलटा. सगळी भिंत जुनी आणि एका कोपऱ्यात नवा रंग असेल तर तिथे ओल असू शकते. हात लावून बघ, वास घे. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो मी घेऊन पाठवतो.

दादा: तीन-चार जणींनी मिळून घर घेणार असशील तर करार सहीच्या आधी इथे टाक. सगळ्यांचा मिळून एकच करार असेल आणि त्यात संयुक्त जबाबदारीचं कलम असेल तर एक जण सोडून गेली की तिचं भाडं मालक तुमच्याकडून वसूल करू शकतो. जमलं तर प्रत्येकीचा वेगळा करार मागायचा. सुट्टीतलं भाडं द्यावं लागणार का, मधेच सोडायचं झालं तर किती आधी सांगायचं, तेही वाच.

ताई: आणि सामान आत नेण्याआधी रिकाम्या खोलीचा व्हिडिओ. भिंती, गादीची खालची बाजू, नळ, मीटरचे आकडे. त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेव. वर्षानं डिपॉझिट परत मागताना तेवढंच हातात असतं.

मी: हो. सगळं लिहून घेतलं. त्या माणसाला कळवलं की खोली पाहिल्याशिवाय पैसे देणार नाही. त्यानं लगेच ब्लॉक केलं.

आई: सुटलो देवा.

मी: आई, मी ते फोटो आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकले. एका मुलीचा मेसेज आला. तिनं संध्याकाळी ६ वाजता पैसे पाठवलेत. याच खोलीचे.

ताई: तिचा नंबर दे मला. मी बोलते तिच्याशी.

दादा: आधी तिला बँकेच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांग, आत्ता, या मिनिटाला. पैसे त्या खात्यातून निघाले नसतील तर अडवता येतात, पुढे गेले की फार अवघड होतं. व्यवहार क्रमांक हाताशी ठेवायला सांग. मग सायबर पोलीस.

मी: ती म्हणतेय घरी अजून सांगितलं नाही. भीती वाटतेय.

काका: तिला माझा नंबर दे. तिच्या वडिलांशी मी बोलतो.