ग्वांगझूच्या ऑपेरा हाऊसचा आकार
चीनमधील पर्ल नदीकाठच्या ग्वांगझू ऑपेरा हाऊसचा आकार निव्वळ देखाव्यासाठी आहे, हे मत मला पटत नाही. प्रवाहाने गुळगुळीत केलेल्या दोन दगडगोट्यांची कल्पना वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी बाहेरून मांडली हे खरे. पण २०१० मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूचे सुमारे १,८०० आसनांचे मुख्य सभागृह आतून मुद्दाम असमान ठेवले असून, वळणदार भिंतींवरून परतणारा आवाज प्रेक्षकांपर्यंत बाजूंनीही नीट पोहोचावा, हा त्यामागचा विचार आहे. आमच्या पूर्व विदर्भातल्या वैनगंगेकाठी धान निघाल्यावर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभ्या राहणाऱ्या झाडीपट्टी नाटकांच्या मंडपात कापडी कनाती आवाज परतवत नाहीत, म्हणून शेवटच्या रांगेसाठी भोंगे लावावेच लागतात. या भागात कायमचे नाट्यगृह बांधायचे झाल्यास दर्शनी भागाआधी आतल्या भिंतींचा आराखडा तपासावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.