साल्झबुर्ग ते ग्राडो सायकलने – बायकोची अट एकच, मागून हॉर्न नको

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. वय ५९, मार्चमध्ये निवृत्त झालो. पहाटे पाचला निघून उपवनवरून येऊरच्या गेटपर्यंत, रविवारी कळवा ब्रिज ओलांडून थेट पाम बीच रोड, असा माझा नेम आहे. आधी सौ.ही बरोबर असायची. पाच वर्षांपूर्वी घोडबंदरला एक डंपर हॉर्न वाजवत इतका खेटून गेला की ती रस्त्याकडेच्या खडीत पडली. मनगटाला प्लास्टर. तेव्हापासून तिची सायकल गच्चीत ताडपत्रीखाली आहे.

मुलगा म्युनिकला असतो. त्याने आल्प-आद्रिया सायकलमार्गाचं खूळ डोक्यात घातलंय. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपासून आल्प्स ओलांडून इटलीत समुद्राला, ग्राडोला पोचायचं, साधारण ४१० किमी. सौ.ने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मागून एकदा जरी हॉर्न वाजला तरी मी तिथून परत." म्हणजे नव्वद टक्के हो आहे.

तर विचारायचंय ते असं. हा रस्ता खरंच गाड्यांपासून वेगळा आहे का, की फक्त माहितीपत्रकात? तिचे गुडघे कुरकुरतात, इलेक्ट्रिक सायकल घ्यावी का? आम्ही दोघेही शाकाहारी (अंडं चालतं). आणि सप्टेंबर बरा का?

वाशीची मास्तरीण

काका, मी आणि माझी नणंद २०२३च्या सप्टेंबरात हाच रस्ता केला. मी तेव्हा ५६, नणंद ६१. दहा दिवस घेतले, लोक आठात करतात. आमचं घोडं जिथे चांगली कॉफी दिसेल तिथे अडायचं.

तुमच्या सौ.ना आधी खरं सांगा: सगळा रस्ता गाडीमुक्त नाही. चार ठिकाणं लक्षात ठेवा. साल्झबुर्गहून निघाल्यावर नदीकाठाने मजेत जाता, पण वेर्फेनच्या अलीकडे पास ल्यूग नावाची खिंड आहे, तिथे मोटारी सोबतीला येतात. मग गास्टाइन खोऱ्यात शिरताना एक बोगदा. सायकलचा पट्टा वेगळा आहे, पण शेजारून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज असा घुमतो की नणंद रामरक्षा म्हणत बाहेर आली. तिसरी जागा माल्निट्झहून ओबरफेलाखला उतरतानाची. आणि चौथी इटलीत मोज्जोच्या पुढे वेन्झोनेपर्यंत, तिथे मी गेले तेव्हा काही अंतर हमरस्त्यावरून जावं लागलं. हॉर्न मात्र दहा दिवसांत मोजून दोनदा ऐकला. त्यातला एक लग्नाच्या वरातीचा होता.

चढाची भीती नको. साल्झबुर्ग सव्वाचारशे मीटरवर, सगळ्यात उंच जागा माल्निट्झ, बाराशेच्या आतच. बाड गास्टाइन गावात दोन हॉटेलांच्या मधून धबधबा कोसळतो, तिथपासून ब्योकश्टाइनपर्यंतचा चढ दमवतो, मी अर्धा ढकलत गेले. पण मुख्य डोंगर तुम्ही पायडल मारून ओलांडतच नाही. ब्योकश्टाइनला सायकलसकट रेल्वेत बसायचं आणि जवळजवळ साडेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून दहा-बारा मिनिटांत पलीकडे. हा बोगदा १९०९चा. मध्यंतरी दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता, म्हणून निघण्याआधी गाड्या चालू आहेत ना ते बघा.

आता ज्यासाठी जायचं ते. तार्विसिओच्या पुढे सायकलचा रस्ता जुन्या रेल्वेमार्गावर चढतो. उदिने ते पोन्तेब्बा ही लाइन १८७९ साली पुरी झाली. पुढे डोंगराच्या पोटातून नवा मार्ग काढला, जुने रूळ उचलले आणि त्या जागी डांबर टाकलं. रेल्वेला खडा चढ चालत नाही, त्यामुळे उतार असा बेताचा की गुडघ्याला कळतसुद्धा नाही. एकामागून एक बोगदे. तोंडाशी अंधार आणि ओला गारवा. चाक आत गेलं की दिवे आपोआप लागत जातात, तुमच्या पुढे-पुढे. पहिल्या बोगद्यात आम्ही दोघी थांबलो, दिवे विझले, नणंदेने हात हलवला, पुन्हा लागले. हा खेळ तीनदा झाला. मागून आलेला एक जर्मन म्हातारा आमच्या पोरकटपणाला हसून पुढे गेला. बोगदा संपला की पायाखाली लोखंडी पूल, जाळीतून खाली फेल्ला नदीचं निळसर पाणी. क्युझाफोर्तेच्या जुन्या स्टेशनात आता कॅफे आहे. फलाटावर टेबलं मांडलीयत, रुळांच्या जागी सायकली उभ्या. तिथे कॉफी पिताना सारखं वाटत होतं, आत्ता उद्घोषणा होईल, "कृपया ध्यान दीजिये".

आपल्याकडे राहून हे बघताना थोडा जीव जळतो. आपल्या बोरघाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडी थांबून उलट्या दिशेने निघायची, १९२९ साली बंद झालं. त्या जागेचं काय केलं असतं या लोकांनी, असा विचार आलाच.

आणि वेन्झोनेला मुक्काम कराच, नुसतं आत डोकावून पुढे जाऊ नका. तटबंदीतलं एवढंसं गाव. ६ मे १९७६च्या भूकंपात मोडलं, उरलं ते त्याच सप्टेंबरच्या धक्क्यांनी पाडलं. गावकऱ्यांनी हट्ट धरला: होतं तिथेच, होतं तसंच. मोठ्या चर्चचे दगड ढिगाऱ्यातून वेचून, नंबर टाकून, पुन्हा रचले. ते १९९५ला उघडलं. एक चर्च, सेंट जॉनचं, मुद्दाम पडकंच ठेवलंय. माझा चुलतभाऊ १९९३ला किल्लारीला मदतीला गेला होता, त्यामुळे त्या पडक्या भिंतीसमोर मला हलवेना. किल्लारीची माणसं दुसरीकडे नव्या गावठाणात गेली, ही त्याच गल्लीत राहिली. बरोबर कोण, हे मला ठरवता येत नाही. मातीच्या जड माळवदाखाली माणसं गाडली गेलेली असताना "होतं तसंच बांधा" कोण म्हणेल? नणंद म्हणाली, "दगडांना नंबर होते, आपल्या मातीला कुठले नंबर देणार?" त्यावर मी काही बोलले नाही.

पुढचं झटपट. उदिनेनंतर सपाट, मक्याची शेतं, पाट्या कमी, एकदा चुकलो. पाल्मानोवा म्हणजे व्हेनिसवाल्यांनी १५९३ला वसवलेलं नऊ कोनी चांदणीच्या आकाराचं किल्ल्याचं गाव. आकार कळायला आकाशातून बघायला हवं, आतून चौक मात्र मोठा झकास. अक्विलेयाला चौथ्या शतकातली मोझेइकची फरशी आहे, ती चुकवू नका. मग खाजणातून सरळ रस्ता आणि ग्राडो. ग्राडोला रेल्वे नाही, परतीची गाडी चेर्विन्यानोहून.

खाणं: ऑस्ट्रियात केजश्पेट्झले, म्हणजे चीजमधले शेवईगोळे. इटलीत त्या भागाचा फ्रिको, बटाटा आणि चीजचा थालीपिठासारखा. मागवताना बेकन नाही ना विचारा. चीजमधल्या रेनेटचं (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) सोवळं पाळत असाल तर मात्र पंचाईत. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, शनिवारीच केळी-ब्रेड घेऊन ठेवा.

एक चूक सांगते. सामान पुढच्या हॉटेलला पोचवणारी एक कंपनी आम्ही ठरवली होती. जेमोनाला माझी बॅग त्याच नावाच्या दुसऱ्याच हॉटेलात गेली, वीस किलोमीटर लांब. रात्री पावसाळी पँट आणि नणंदेच्या शालीत जेवायला बसले. बीपीच्या गोळ्या हँडलच्या पिशवीत होत्या म्हणून निभावलं. औषधं, पासपोर्ट, एक जोड कपडे स्वतःजवळ.

खारेगावचा_चेनलूबवाला

ताईंचा प्रतिसाद वाचून रजा टाकावीशी वाटतेय.

इलेक्ट्रिक सायकल इथून न्यायच्या भानगडीत पडू नका, तिची बॅटरी विमानात घेतच नाहीत. तिथेच भाड्याने घ्या. युरोपात मोटर २५ किमी वेगाच्या वर मदत थांबवते आणि पायडल मारावंच लागतं, त्यामुळे "बसून राहिलीस" असं वहिनींना म्हणायची सोय नाही. वजन वीस-पंचवीस किलोच्या घरात असतं, स्टेशनवर जिना दिसला की आठवेल.

माल्निट्झच्या उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, सोडा, दाबा. डिस्क तापून करपल्याचा वास आला की थांबा. भाड्याची सायकल ताब्यात घेताना पॅड किती उरलेत ते टॉर्च मारून बघा, लाजू नका.

व्हिसाचं: जिथे मुक्कामाच्या रात्री जास्त त्या देशाकडे अर्ज. मुलाकडे दोन आठवडे राहणार असाल तर जर्मनी, नुसती सायकल असेल तर ऑस्ट्रिया-इटलीच्या रात्री मोजा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

मुरबाडचा_जावई

सगळं छान, पण एवढे पैसे घालून तिकडे जायच्या आधी वहिनींना गच्चीवरची सायकल खाली काढायला लावा. पाच वर्षांत टायर गेले असतील. आणि सराव माळशेजला नको, तो राष्ट्रीय महामार्ग आहे, शनिवारी धबधबेवाले आणि टमटम. मुरबाडहून म्हशाच्या बाजूला वळा, साधा वार बघून, सकाळी सातच्या आत. भातखाचरं, शेजारून शाळेची पोरं, एखादी एसटी. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवेल, पण तो आपला हॉर्न, "बाजूला व्हा काकू" असा.

डोंगर ओलांडायची जुनी वाट बघायचीच हौस असेल तर नाणेघाटात सातवाहनांच्या काळचा लेख आणि जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहेच. सायकल पायथ्याला ठेवून चालत.

पाचपाखाडीकर

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद सौ.ला मोठ्याने वाचून दाखवले. पास ल्यूगला कपाळाला आठी, दिव्यांच्या बोगद्याला आठी गेली. किल्लारीच्या जागी म्हणाली, "पुढचं उद्या वाच."

@मुरबाडचा_जावई, काल सायकल खाली आणली. टायर दोन्ही गेलेत, तुमचं खरं. नौपाड्यातल्या दुकानात टाकलीय, गुरुवारी मिळेल. शुक्रवारी म्हसा.

@मास्तरीणबाई, सौ.चा प्रश्न, तिच्याच शब्दांत: दहा दिवस त्या गादीवाल्या सायकल-चड्डीत चर्चमध्ये कसं जायचं?

वाशीची मास्तरीण

वरून सुती पटियाला. पायाकडून दोन रबरबँड लावायचे, चेनमध्ये जात नाही. माझी एक गेली ओबरफेलाखला, तेव्हापासून रबरबँड. आणि खांद्यावर घ्यायला ओढणी ठेवायची, गुंडाळली की मूठभर होते. नणंदेने तीच ऊन, पाऊस, टॉवेल आणि एकदा टेबलक्लॉथ म्हणून वापरली.