लॅरिंगोस्कोप (घशात पाहायचं दिव्याचं उपकरण) सेट कुठला घ्यावा? बजेट ३००० (रेस्पिरेटरी थेरपी, दुसरं वर्ष)

शिकाऊ_आरटी: पुढच्या महिन्यात आयसीयू पोस्टिंग. इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) आणि ब्रॉन्कोस्कोपीला (दुर्बिणीने, म्हणजे स्कोपने, श्वासनलिका तपासणं) मदतीला उभं राहायचंय. ३ आणि ४ नंबरच्या मॅकिन्टॉश (वळणदार) ब्लेडचा सेट घ्यायचाय. ३००० च्या वर जाणं शक्य नाही.

कृष्णाकाठ: साधा घेऊच नका, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घ्या. माझ्याकडे आहे, व्होकल कॉर्ड (स्वरतंतू) स्क्रीनवर लख्ख दिसतात. जास्त वळणाच्या ब्लेडला स्टायलेट (नळीला आकार देणारी आतली तार) मात्र तसाच वाकवायचा, नाहीतर कॉर्ड दिसूनही नळी आत वळत नाही.

आयसीयूवाली: अहो, ३००० म्हटलंय त्यांनी! आणि ब्रॉन्कोस्कोपीत ब्लेडपेक्षा नळी महत्त्वाची. नळीचा आतला व्यास स्कोपच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किमान २ मिमी जास्त हवा. ५.९ चा स्कोप ७ च्या नळीत घातलात तर पीक प्रेशरचा (व्हेंटिलेटरवरच्या सर्वाधिक दाबाचा) अलार्म वाजत राहतो, उच्छ्वास पुरा होत नाही, ऑटो-पीप (आत अडकलेल्या हवेचा दाब) साठतो. स्कोप घालण्याआधी ऑक्सिजन १०० टक्के करा, स्विव्हल कनेक्टर (स्कोप घालायला तोंड असलेला फिरता जोड) लावा. बाइट ब्लॉक (दातांमध्ये ठेवायचा अडसर) विसरलात आणि रुग्ण चावला, की स्कोप गेलाच.

जुना_टेक्निशियन: धुतानाही जातो, आणि बिल आमच्या विभागावर! बाहेर काढल्या काढल्या चॅनेलमधून एन्झाइमचं द्रावण ओढा, वाळू देऊ नका. मग लीक टेस्ट, मगच बुडवून ब्रश. लीक असताना बुडवला तर पाणी थेट आत.

वारणेचा_वाघ: ८ ची नळी ठेवा. आणि वर्गात वर्गणी काढून मॅनिकिन (सरावाचा पुतळा) घ्या, ब्लेडने हवेत काय सराव करणार?

मिरजकर: लिग्नोकेनचा (घसा बधिर करायचं औषध) हिशेब कुणीच सांगितला नाही. १० टक्के स्प्रेचा एक फवारा १० मिग्रॅ, २ टक्क्याच्या एका मिलीत २० मिग्रॅ. दहा फवारे आणि १० मिली म्हणजे ३०० झाले. ७ मिग्रॅ प्रति किलो धरलं तर ६० किलोच्या माणसाला मर्यादा ४२०.

कृष्णाकाठ: ८.२ मिग्रॅ प्रति किलोपर्यंत चालतं.

मिरजकर: यकृत किंवा हृदय कमजोर असेल तर ७ सुद्धा जास्त. प्रत्येक फवारा मोठ्याने मोजा, दुसऱ्याने लिहून घ्या.

शिकाऊ_आरटी: सगळ्यांचे आभार. साधा स्टीलचा सेटच घेतला, बजेटमध्ये बसला. मॅनिकिन कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. ४ नंबरच्या ब्लेडचा दिवा मिणमिणतोय, बदलून घेऊ?

जुना_टेक्निशियन: आधी बल्ब फिरवून घट्ट करा, ढिला असतो. मग ब्लेड आणि हँडल जुळतात तिथला संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसा, सेल नवे घाला. तरी मिणमिणला तर बदला.